मुलगी परक्या घरी राहते तेव्हा

अमेरिकी सरकारच्या ‘यस’ शिष्यवृत्तीवर आपल्याकडची हायस्कूलची काही मुलंमुली वर्षभर अमेरिकेत शिकतात. राहायचं तिथल्याच एका कुटुंबात. आईचा पहिला प्रश्न साहजिकच : कोण ही माणसं?

ही माणसं पैसे घेत नाहीत, हौसेनं मूल ठेवून घेतात. पण नुसत्या हौसेवर भागत नाही. संस्थेनं आधी त्यांच्या घरी जाऊन मुलाखत घ्यायची, घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकावर काही गुन्हा आहे का ते तपासायचं, आणि मुलीला झोपायला स्वतंत्र पलंग हवा, असा नियम आहे. संस्थेचा तिथला माणूस दर महिन्याला मुलीशी बोलतो. त्रास असेल तर घर बदलता येतं. पण तोंड तिनं उघडायला हवं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नकोस, हे आईनं निघण्याआधीच सांगावं.

पहिल्या दिवशी खरी अडचण जेवणाची. आपल्याकडे पाहुणी ‘नको’ म्हणते आणि आपण आणखी वाढतो. तिथं ‘नको’ म्हणजे नकोच. भांडं पुढे सरकतं, पोरगी अर्धपोटी झोपते! भूक असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हणावं. मांस, अंडं चालत नसेल तर आधीच कळवावं. जेवल्यावर आपलं ताट आपण उचलावं, घरकामात हात लावावा. घरच्या बाईंना काय म्हणून हाक मारू, तेही सरळ विचारावं. महागडी भेट लागत नाही. आजीनं शिवलेली छोटी गोधडी नेली, की गप्पा आपोआप सुरू होतात.