तिखट-मिठाची फळं, उन्हाळ्यातल्या बैठकीसाठी

चैत्र-वैशाख म्हणजे बायकांच्या बैठकींचे महिने. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, की थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. याच दिवसांत पापड, कुरडया, शेवया यांचं वाळवणही निघतं. आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे, असं करत गल्लीतल्या सगळ्याजणी पोळपाट-लाटणं घेऊन जमतात.

आता आठ-दहा जणी दुपारच्या घरी आल्या, तर त्यांच्यापुढे ठेवायचं काय? पोहे करावेत तर भर उन्हाचं गॅसपाशी उभं राहावं लागतं. शिवाय कढया, ताटल्या, कपबशा घासायला पाणी हवं. आणि आमचं पिशोरच काय, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत एप्रिल-मे महिन्यांत हंड्या-हंड्याचा हिशेब ठेवावा लागतो!

मैत्रिणींनो, अशा वेळी तिखट-मीठ लावलेल्या फळांच्या फोडी करून पाहा. शेगडी पेटवायला नको, तेल-तूप नको, आणि पळसाच्या द्रोणांत दिल्या की भांडीही पडत नाहीत. मुख्य म्हणजे घरची बाई स्वयंपाकघरात अडकून न पडता सगळ्यांबरोबर बसू शकते.

कैरीला तिखट-मीठ लावून खाणं आपल्याला काही नवं नाही. पण ही आवड आपल्या एकट्यांची नाही, बरं का! मेक्सिकोत आंब्याच्या फोडींवर मिरचीपूड, मीठ आणि लिंबू घालून खातात. इंडोनेशियात फळांच्या फोडींना मिरची, चिंच आणि गुळाचं वाटण लावतात. त्याला रुजाक म्हणतात. जावा बेटावर सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणासारख्या समारंभात हा पदार्थ हमखास असतो. मिरची आणि अननस मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांमुळे ते आपल्याकडे आले. त्याआधी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी, आलं असे पदार्थ वापरत.

साहित्य (दहा जणींसाठी): मध्यम टरबूज (पुण्या-मुंबईकडचं कलिंगड) अर्धं, काकड्या 4, लहान अननस 1, द्राक्षं पाव किलो, मोठी कैरी 1, डाळिंब 1, हिरव्या मिरच्या 2, अद्रकाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, लिंबू 1, पुदिन्याची मूठभर पानं. वैशाखात द्राक्षं मिळेनाशी झाली, की पाडाला आलेल्या आंब्याच्या फोडी घाला. अद्रकाची तर आपल्या कन्नड-खुलताबाद भागात शेतीच आहे, तेव्हा ते ताजंच घ्यावं.

मसाला: जिरे 2 चमचे, मिरे 10-12, पादेलोण 1 चमचा, साधं मीठ अर्धा चमचा, सुंठपूड अर्धा चमचा, लाल तिखट 1 चमचा. जिरे कोरडेच खमंग भाजून, गार झाल्यावर मिऱ्यांबरोबर कुटा आणि बाकीचं त्यात मिसळा. कैरी असल्यामुळे आमचुराची गरज नाही. हा मसाला कोरड्या बाटलीत भरून ठेवला, की सबंध वाळवणाच्या दिवसांत उपयोगी पडतो.

कृती: सगळी फळं आधी अख्खीच धुऊन पुसून घ्या. टरबुजाची साल आपण खात नाही म्हणून ते न धुताच चिरतात, पण सालीवरची माती सुरीबरोबर आतल्या गरात जाते. टरबूज, काकडी आणि अननसाच्या सारख्या फोडी करा. कैरीचे मात्र पातळ काप करा, म्हणजे एखाद्या घासाला आंबटपणा जास्त होत नाही. मिरची, अद्रक आणि पुदिना बारीक ठेचून त्यात लिंबू पिळा. फळं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. आंबट फोडी पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत.

ठेचा आणि मसाला द्रोण भरायच्या वेळीच लावायचा, हे विसरू नका. मीठ फळातलं पाणी ओढून घेतं. तासभर आधी लावलं तर फोडी मऊ पडतात आणि तळाला नुसता रस उरतो. उरलाच थोडा, तर लगेच गार पाणी घालून त्याचं सरबत करा.

चिरलेली फळं उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत. फ्रीज असला तर त्यात झाकून ठेवा. नसला तर बायका आल्यावरच चिरायला घ्या. चौघींचे हात लागले की काम किती लवकर होतं! रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांच्या द्रोणात मीठ अगदी कमी घाला. मधुमेह असणाऱ्यांना टरबूज, अननस, द्राक्षं थोडी आणि काकडी जास्त द्या.

आता हे द्रोण कोणाकोणाला द्यायचे, याविषयी थोडं सांगते. वाळवणाच्या बैठकीत कोणी कोणाचं कुंकू पाहत नाही. कुरडईचा चीक नीट शिजला की नाही, हे नुसतं बघून सांगणारी गल्लीतली जाणती काकू पुष्कळदा विधवा असते. तिला तर आपण मुद्दाम बोलावून आणतो. पण चारच दिवसांनी त्याच घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, तेव्हा तिला बोलावणं जात नाही. दोन घरं पलीकडे ती दार ओढून बसलेली असते आणि आपल्या हसण्या-बोलण्याचा आवाज तिला ऐकू येत असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण घालून दिलं. गावाने ठराव करायचा तेव्हा करील, पण आपल्या घरी कोणाला बोलवायचं हे ठरवायला आपल्याला ग्रामसभा लागत नाही.

घरातल्या मोठ्यांची कुरकुर होईल असं वाटत असेल, तर यंदा नुसतं फळं खायचं बोलावणं करा. "काकू, चार वाजता या, फळं चिरायला तुमचा हात हवा," एवढं म्हटलं तरी पुरे. त्या आल्या की त्यांना सगळ्यांमध्ये बसवा. द्रोण, फूल, गजरा जे इतरांना द्याल, तेच त्यांनाही द्या. कुंकवाचं मात्र त्यांच्या मनावर सोडा. हवं असेल तर लावा, नको म्हणाल्या तर आग्रह नको. पुढच्या वर्षी गौर बसेल, तेव्हा आंब्याची डाळ वाटायच्या वेळी त्यांना हाक मारणं तुम्हालाही अवघड जाणार नाही आणि त्यांनाही.