मोटारीवरील रंगीत दिवे : हौस आणि कायदा

आपल्या संघाच्या सभासदाच्या दारात मोटार उभी असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी उभ्या पेठेत एखाद्याच पेढीची मोटार असे आणि ती कोणाची हे पोरेटोरे भोंग्यावरून ओळखीत. आज घरटी एक गाडी आहे. तेव्हा आपली गाडी चारचौघांत उठून दिसावी म्हणून तरुण मंडळी तिला दिव्यांनी सजवू लागली आहेत. पुढच्या जाळीत लाल पट्टी, गाडीच्या पोटाखाली निळा-जांभळा झोत, मागील बंपरवर पांढरे लुकलुकते दिवे, आणि मूळच्या लाल दिव्यांवर मात्र काळी फिल्म! ही हौस कायद्यात कितपत बसते, असे काही सभासद बंधूंनी आम्हांस विचारले. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमच्यावर आलेला एक प्रसंग सांगणे अवश्य वाटते.

गेल्या उसाच्या हंगामातील गोष्ट. गडहिंग्लजचे एक लग्न आटोपून आम्ही रात्री संकेश्वरमार्गे बेळगावास परतत होतो. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. रस्ता दुपदरी, काळोख दाट. एका वळणानंतर आमच्याच बाजूस समोर दोन पांढरे दिवे दिसले. कोणी बेभान मोटारवाला चुकीच्या बाजूने अंगावर येत आहे असे वाटून पुतण्याने गाडी झटकन डावीकडे घेतली. तेथे रस्त्याच्या कडेला उसाने भरलेला ट्रेलर नादुरुस्त होऊन उभा होता. त्याच्या मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. उसाचे पाचट तेवढे लोंबत होते. ब्रेक लागले म्हणून वाचलो. गाडी थांबली तेव्हा ट्रेलर आणि आमची काच यांत हातभर अंतर उरले होते. घरातील मंडळी मागे बसलेली होती. कितीतरी वेळ कोणी शब्द बोलले नाही.

ते पांढरे दिवे अंगावर येणाऱ्या गाडीचे नव्हतेच. ते आमच्याच दिशेने पुढे चाललेल्या एका मोटारीच्या मागील बंपरवर बसविलेले होते. संकेश्वरी चहाच्या हॉटेलापाशी ती मोटार उभी दिसली. मालक निघाला आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याचा मुलगा. हकीकत ऐकून तो ओशाळला. म्हणाला, “काका, हल्ली सगळेच लावतात. बसवून देणाऱ्यानेच सांगितले की चालते म्हणून.” आम्हांस त्याच्यावर रागावता आले नाही, कारण तो खोटे बोलत नव्हता.

परंतु ‘चालते’ हे खरे नव्हे. मोटार वाहन अधिनियम १९८८ साली झाला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०८ वा नियम अगदी स्पष्ट आहे : कोणत्याही मोटारीने पुढच्या बाजूस लाल दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूस लालाखेरीज अन्य रंगाचा दिवा दाखवू नये. मुख्य अपवाद मोजके आहेत. वळण दाखविणारा पिवळसर दिवा, मागील नंबरपाटी उजळणारा पांढरा दिवा, गाडी मागे घेताना लागणारा पांढरा दिवा, आणि गाडीच्या आतील उजेड. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस यांच्या दिव्यांची तरतूद वेगळी आहे. आमच्या त्या तरुण मित्राचे बंपरवरील दिवे यांपैकी कशातच बसत नव्हते.

या नियमामागील विचार पाहिला म्हणजे त्यात सरकारी लहर कोठेही नाही हे ध्यानी येते. काळोखात चालकास समोरचे वाहन दिसत नाही, त्याचे दिवे तेवढे दिसतात. पांढरा म्हणजे येणारा, लाल म्हणजे जाणारा किंवा थांबलेला, एवढ्या एका खुणेवर तो निमिषार्धात निर्णय घेतो. ही खूण केवळ आपल्या देशाची नव्हे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारातही तीच आहे. मालाच्या पोत्यावरील मार्का बदलला तर फार तर वखारीत घोटाळा होईल. येथे मार्का बदलला की माणसे चुकीच्या बाजूस वळतात, आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

सीमाभागातील आपल्या सभासदांचा नेहमीचा प्रश्न असा की, गाडी बेळगावची, जाणे कोल्हापूरला नि पणजीला, मग नियम कोणत्या राज्याचा? पूर्वी या शंकेत तथ्य होते. मुंबई राज्याचे मोटार नियम १९५९ चे, म्हैसूर राज्याचे १९६३ चे, असा प्रकार असे. १९८९ पासून दिव्यांविषयीचे हे नियम साऱ्या देशास एकच आहेत. तडजोडीने भरावयाच्या दंडाची रक्कम मात्र राज्याराज्यांत निराळी असू शकते.

दंडाचे म्हणाल तर, १ सप्टेंबर २०१९ पासून सामान्य नियमभंगास कलम १७७ खाली प्रथम पाचशे रुपयांपर्यंत व पुन्हा केल्यास दीड हजारांपर्यंत दंड आहे. ही रक्कम पाहून काहीजण हसतील. परंतु त्याच दुरुस्तीने आलेले कलम १८२-क त्यांनी वाचावे. मालकाने परवानगी नसलेला फेरफार गाडीत केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक फेरफारास’ हे शब्द आपल्यासारख्या हिशेबी माणसांच्या नजरेतून सुटू नयेत. कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असे कलम ५२ सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात तेच उचलून धरले. पोटाखालील निळ्या झोताचे नाव घेऊन १०८ व्या नियमात काही लिहिलेले नाही, हे खरे. तथापि त्याचा रंग पुढून वा मागून दिसू लागला की तो नियमाच्या कचाट्यात येतो, आणि फेरफाराचा प्रश्न उरतोच. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस अशा गोष्टींकडे बोट दाखवू शकतो, हेही विसरू नये.

पुढील मुख्य दिव्यांचा प्रकार याहूनही वाईट, कारण त्यात रंगाची हौससुद्धा नसते. साध्या हॅलोजन बल्बसाठी घडविलेल्या वाटीत बाजारातील एलईडी बल्ब बसविला की प्रकाशाचा उगम मूळ जागेवरून हलतो आणि झोत वाटेल तसा फाकतो. चालकास वाटते, रस्ता छान उजळला. समोरचा बिचारा आंधळा होतो. आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांस दिपवील असा झोत नसावा, असे माप १०६ व्या नियमाने घालून दिले आहे. पहाटेच्या धूसर उजेडात आपले साधू-साध्वीजी पायी विहार करीत असतात व त्यांच्यासोबत सेवेकरी चालतात. त्यांना अशा दिपलेल्या चालकांचे केवढे भय आहे, हे वेगळे सांगावयास नको.

लाल दिव्याचा सोस मोठ्यांनाही होता. टपावर तो मिरविण्याची हाव इतकी वाढली की डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयास त्यावर मर्यादा घालावी लागली, आणि १ मे २०१७ पासून तर मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरूनही तो उतरला. जे मंत्र्यांस मिळत नाही ते आपल्या चिरंजीवांनी जाळीत बसवावे, हे गमतीचेच म्हणावयाचे.

आता रिफ्लेक्टर. यास वीज लागत नाही, बल्ब जात नाही. त्यातील बारीक घनकोन आलेला प्रकाश ज्याचा त्याला परत करतात; म्हणून आपल्याच दिव्याच्या उजेडात तो झळकतो. १०४ व्या नियमाप्रमाणे मोटारीच्या मागे दोन्ही बाजूंस एकेक लाल रिफ्लेक्टर पाहिजे. ट्रेलरही यातून सुटलेले नाहीत. मालवाहू गाड्यांच्या चकाकत्या पट्ट्यांचे रंगही ठरलेले : पुढे पांढरी, बाजूस पिवळी, मागे लाल. हौसेने मागे पांढरी वा हिरवी पट्टी चिकटविणे म्हणजे पुन्हा तीच खूण पुसणे होय. लाल रिफ्लेक्टर जादा लावला म्हणून कोणाचे नुकसान झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मोटारींचे सुटे भाग व शोभेच्या वस्तू विकणारे काही बंधूही आपल्या संघात आहेत. त्यांना राग येईल, पण सांगणे भाग आहे. सरकारने महत्त्वाचा सुरक्षाभाग म्हणून अधिसूचित केलेली वस्तू प्रमाणाबाहेरची विकल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-क मध्येच आहे. एवढे लांब न जाता, गिऱ्हाइकाने “हे चालते का?” असे विचारले असता खरे उत्तर द्यावे, इतकीच आमची विनंती. ‘चालते’ या एका शब्दाने त्या रात्री आमचे सबंध कुटुंब उसाच्या ट्रेलरखाली जावयाचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानी गेलो तो प्रथम आमचा स्वतःचा माल वाहणारा टेम्पो पाहिला. मागील एक लाल रिफ्लेक्टर फुटलेला, दुसरा चिखलाने माखलेला, पट्टी अर्धी उखडलेली. उसाच्या ट्रेलरवाल्यास आम्ही रात्रभर मनात जे बोललो होतो ते सारे तेथे उभ्या उभ्या परत घ्यावे लागले. ड्रायव्हरला विचारले, तो म्हणाला, “दोनदा सांगितले होते, शेठजी.” सांगितले होते, हे खरे होते. दुपारपर्यंत नवे रिफ्लेक्टर व पट्ट्या आणून बसविल्या. आता दर चतुर्दशीस दुकान बंद करण्यापूर्वी ओल्या फडक्याने त्या पुसावयाचे काम आम्ही पुतण्याकडे दिले आहे.