अर्ध्या तासाचा गोंधळ

धाराशिव जिल्ह्यात घरात लग्न झाले की गोंधळ घालावा लागतो. कुलदैवत तुळजापूरची भवानी असो की येरमाळ्याची येडेश्वरी, नवरा-नवरी सत्यनारायण पुढच्या आठवड्यावर टाकतील, पण देवीचा गोंधळ राहिला तर घरातली म्हातारी माणसे वर्षभर त्यांच्या मागे लागतात. म्हणून संबळाला मरण नाही, असे इकडे सगळेच म्हणतात. सनईवाला शोधावा लागतो, बँडवाल्याच्या तारखा रिकाम्या जातात, गोंधळ्याचा फोन मात्र लगीनसराईत लागता लागत नाही. जिवंत वाद्याला गिऱ्हाईक उरले नाही, ही तक्रार इथे अर्धीच खरी आहे. गिऱ्हाईक आहे. त्याला नेमके काय हवे आहे, हे बघण्यासारखे आहे.

आधी वाद्य बघू. संबळ म्हणजे एकमेकाला जोडलेली दोन भांडी, एक मोठे आणि एक लहान. लाकडाची असतात, तांब्या-पितळेचीही असतात. तोंडावर कातडे ताणून आवळलेले. वादक ते कमरेशी बांधतो आणि उभ्याने, वेळप्रसंगी नाचत, दोन काठ्यांनी वाजवतो. त्यातल्या एका काठीचे टोक वळवून गोल केलेले असते. लहान तोंड कडकडते, मोठे घुमते. पावसाळी हवेत कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग ते शेकून पुन्हा ताणावर आणायचे आणि एकेक टोला मारून कान देत राहायचे. सोबतीला झांज आणि तुणतुणे. तुणतुण्याला एकच तार, पण तिचा सूर गोंधळी शेवटपर्यंत खाली पडू देत नाहीत. एवढ्या सामानावर रात्र निघत असे. माईकची गरज नव्हती, कारण संबळ मुळातच वाड्याबाहेर ऐकू जाण्यासाठी घडवलेले वाद्य आहे.

गोंधळाची मांडणी ठरलेली. चौरंगावर कोरे वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, भोवती उसाची किंवा ज्वारीची ताटे उभी बांधलेली. दिवटी पेटते. मुख्य गोंधळी अंगात झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ घालून पुढे येतो. तुळजाभवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, अशी यांची दोन घराणी. आधी गण होतो. मग देवांना गोंधळाला बोलावणे सुरू होते: तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर असे करत गावाच्या शिवेवरच्या म्हसोबापर्यंत कोणाला वगळायचे नाही. हा भाग पूर्वरंग. खरा गोंधळ पुढे असतो.

पुढे असते आख्यान. सगळ्यांत गाजलेले ‘जांभूळ आख्यान’. पाच नवऱ्यांच्या द्रौपदीच्या मनात कर्णाचा विचार येऊन जातो आणि एका जांभळाच्या निमित्ताने तो तिला सर्वांदेखत कबूल करावा लागतो, अशी ती कथा. व्यासांच्या महाभारतात ती सापडायची नाही. शाहीर विठ्ठल उमप यांनी ती रंगमंचावर नेली आणि शहरातल्या लोकांना कळले की बायकांच्या मनाबद्दल इतके धीट बोलणारी कथा गोंधळी चुलीजवळ बसलेल्या बायकांसमोर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. कथेच्या मधेमधे साथीदार मुद्दाम बावळट प्रश्न विचारतो. मुख्य गोंधळी उत्तर देता देता यजमानाची थट्टा करतो, सासूला चिमटा काढतो, कारखान्याने थकवलेल्या उसाच्या बिलाचा विषय द्रौपदीच्या वनवासात आणून बसवतो. करपल्लवीचा खेळही याच्यातला: पाहुण्याने एकाच्या कानात नाव सांगायचे, त्याने नुसत्या बोटांच्या खुणा करायच्या आणि दूर उभ्या साथीदाराने ते नाव बरोबर सांगायचे. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणारा अज्ञानदास गोंधळीच होता असे मानतात. 1659 ची घटना लोकांच्या तोंडी राहिली ती या मंडळींमुळे. गोंधळी हा वाजवणारा होताच, पण त्याआधी तो सांगणारा होता.

आता मागणीकडे येऊ. बारा बलुतेदार आपल्याला पाठ असतात, अलुतेदारांत गोंधळ्याचे नाव आहे हे लक्षात राहत नाही. गावे वाटलेली होती. कोणत्या घरी कोणता गोंधळी जायचा हे आजोबांच्या काळापासून ठरलेले आणि मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे. घासाघीस नव्हती, तशी सुबत्ताही नव्हती. ही व्यवस्था गेली आणि तिच्या जागी सुपारी आली: इसार, तारीख, गाडीभाडे, माणसे किती. सुपारीला हंगाम असतो, आणि या जिल्ह्यात हंगाम सोयाबीनच्या भावावर हलतो. दुष्काळात लग्ने पुढे जातात. 2025 च्या सप्टेंबरात ऐन नवरात्राच्या तोंडावर परंडा-भूम भागात पुराने रान वाहून गेले. अशा वर्षी माणूस गोंधळ टाळत नाही, पण आटोपता घेतो. चारांऐवजी दोन माणसे बोलावतो.

पैशापेक्षा मोठी कात्री वेळेची आहे. लग्न अंगणातून मंगल कार्यालयात गेले. कार्यालय तासांवर मिळते, संध्याकाळी दुसरी पार्टी दारात उभी असते. घरी गोंधळ ठेवला तरी पाहुणे मुक्कामाला राहत नाहीत. दुचाकी बाहेर लावलेली असते, सकाळी पुण्याला हजर व्हायचे असते. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि माईकशिवाय गायची सवय आता गोंधळ्यांनाही उरलेली नाही. बरीच घरे तुळजापूरला जाऊन देवळाच्या आवारातच गोंधळ उरकतात. तिथे मागे रांग, पुढे गर्दी. अर्ध्या तासात गण, देवांची हाक आणि आरती. आख्यानाला जागाच नाही.

डीजेने सगळे खाल्ले, असे म्हणून आपण मोकळे होतो. वरातीत त्याने खाल्लेच. हलगी, ताशा, बँड यांचे पोट वरातीवर होते. चोराखळी परिसरातील कला केंद्रांतही तेच घडले. संगीतबारी म्हणजे ढोलकी, पेटी, तबला आणि समोर बसून फर्माईश करणारा रसिक. रसिकाला चित्रपटातले गाणे जसेच्या तसे हवे झाले, तेव्हा ढोलकीवाल्यापेक्षा स्पीकर स्वस्त पडू लागला. परवान्याच्या अटी मोडल्यावरून जिल्ह्यातील कला केंद्रांवर कारवाई झाली. पण कारवाईने ढोलकी परत येत नाही. तिला फर्माईश लागते.

संबळ या तडाख्यातून वाचले, कारण ते करमणुकीच्या खात्यात नाही, नवसाच्या खात्यात आहे. देवीपुढे ध्वनिमुद्रित संबळ चालत नाही, अजून तरी. तुळजापुरात आरतीला आणि छबिन्याला माणूस उभा राहून वाजवतो. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणारा लोंढा ‘आई राजा उदो उदो’ म्हणत घाट चढतो तेव्हा त्याला ठेका हवाच असतो. शिवाय संबळाला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. ‘जोगवा’ चित्रपटातल्या ‘लल्लाटी भंडार’नंतर देवीच्या गाण्याचा ठेका महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोचला. मिरवणुकीत, सभेत पुढाऱ्याच्या स्वागताला, नवरीच्या प्रवेशाला आता संबळ मागवतात. पाच मिनिटे जोरात वाजवायचे, मोबाइलवर चित्रीकरण होऊ द्यायचे, पाकीट घ्यायचे. यात वाईट काही नाही, पोरांना रात्रभर उभे राहण्यापेक्षा हे बरे वाटते. 2025 च्या इफ्फीत ‘गोंधळ’ चित्रपटासाठी संतोष डावखर यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. कौतुकाची गोष्ट आहे. मात्र हल्लीच्या बहुतेक गोंधळांपेक्षा तो चित्रपटच लांब असावा.

माझे मत सांगतो. संबळ बुडत नाही, म्हणून त्याच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही. बुडते आहे ते आख्यान. ठेका होतकरू पोरगा मन लावून शिकला तर लवकर हातात येतो. आख्यान तसे येत नाही. ते बापाच्या मागे झांज धरून अनेक रात्री ऐकावे लागते, श्रोते कुठे हसतात आणि कुठे डोळे पुसतात हे पाहत. तशा रात्रीच उरल्या नाहीत तर शिकणार कुठे? रा. चिं. ढेऱ्यांनी या उपासकांवर लिहून ठेवले, परभणीच्या राजाराम कदमांसारख्यांना ‘गोंधळमहर्षी’ म्हणून मान मिळाला, लोककलेचे अभ्यासक्रम निघाले. ते सगळे उपयोगाचे आहे. पण सासूला चिमटा कधी काढायचा हे पुस्तकातून येत नाही, त्याला समोर सासू बसलेली लागते. शासनाने मानधन वाढवावे ही मागणी रास्तच आहे, तरी आख्यानाचा खरा आश्रयदाता शासन नाही. तो यजमान आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही.

तेव्हा पुढच्या लगीनसराईत गोंधळाची सुपारी द्यायला फोन कराल तेव्हा किती घेता हे विचारण्याआधी आख्यान कोणते सांगाल ते विचारा. पलीकडचा माणूस क्षणभर थांबेल, कारण हे हल्ली कोणी विचारत नाही. त्याला तीन तास द्या, त्याच्या सोबत त्याचा मुलगा किंवा पुतण्या येऊ द्या, आणि पाहुण्यांची पंगत गोंधळाच्या आधी उठवा.