ठाकुर्लीतला 'ल' कुठे गेला?

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत दादाच्या मदतीने एक वेबपान तयार केलं. विषय होता 'आमची ठाकुर्ली'. रेल्वे स्टेशन, जुनं पॉवरहाऊस, घरामागचं चिंचेचं झाड, सगळं तिने मोठ्या हौसेने लिहिलं. सुट्टी संपल्यावर शाळेतल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि पाहतो तो काय! ठाकुर्लीचा पत्ताच नाही. डोक्यावर तिरकी काठी घेतलेला इंग्रजी 'ए' जिकडेतिकडे, आणि मध्येमध्ये कसलीकसली चिन्हं. पोरं खो-खो हसायला लागली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "बाई, मी नीटच लिहिलं होतं हो!"

ती खरंच बोलत होती. मग घोटाळा झाला कुठे?

त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, कळतात फक्त आकडे. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, तुमच्या हजेरीपटावर असतो ना, तसाच. जगातल्या लिप्यांचा असा एक मोठा हजेरीपट आहे. त्याचं नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात आपली देवनागरीही होती. 'क' चा नंबर २३२५, 'ठ' चा २३३६ आणि 'ल' चा २३५४. काना, उकार, वेलांटी, हलन्त यांनाही वेगवेगळे नंबर आहेत. 'ठाकुर्ली' लिहायला असे आठ नंबर लागतात. मोजून पाहा बरं! ठ, काना, क, उकार, र, हलन्त, ल आणि वेलांटी.

हे नंबर साठवायची जी पद्धत वेबपानांवर सगळ्यांत जास्त वापरतात, तिला यूटीएफ-८ म्हणतात. तिच्यात आपल्या प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे होतात. म्हणजे ठाकुर्लीचे झाले चोवीस तुकडे. पान दाखवणाऱ्या ब्राउझरला ही पद्धत सांगितली नाही, तर कधी तो अंदाजाने ओळखतो, आणि कधी एकेका तुकड्यालाच वेगळं अक्षर समजून बसतो. आमच्या पानाचं तेच झालं होतं. पानाच्या वरच्या भागात 'मेटा' नावाची एक ओळ लिहून 'मी यूटीएफ-८ मध्ये आहे' असं सांगायचं राहून गेलं होतं. ती एक ओळ लिहिली आणि ठाकुर्ली लख्ख उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा 'ल' आपला नाही!"

पाहिलं तर खरंच की! आपल्या पुस्तकातला 'ल' दोन पाकळ्यांचा. पडद्यावरच्या 'ल' ला मात्र शेजारी उभा दंड होता, हिंदीच्या पुस्तकात असतो तसा. 'श' चंही तसंच. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहायची रीत आहे. शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही हीच रूपं दिली आहेत. पण युनिकोडमध्ये दोन्ही 'ल' चा नंबर एकच, २३५४! मग कोणता काढायचा हे ठरवतो फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा संच. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. पानाच्या पहिल्याच खुणेत भाषा म्हणून 'एमआर', म्हणजे मराठी, असं लिहिलं की तसा फॉन्ट पाकळीचा 'ल' काढतो. आम्ही दोन्ही रूपं असलेला एक मोफत फॉन्ट घेतला, ती दोन अक्षरं लिहिली आणि आपला 'ल' घरी आला.

हे फॉन्ट आकाशातून पडत नाहीत बरं का! युनिकोड रुळण्याआधी मराठीचे अनेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना आठवेल. मग विंडोजमध्ये देवनागरीसाठी 'मंगल' फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. ते अक्षरांचे मोठे जाणकार, कवी आणि मुंबईच्या आयआयटीत शिक्षक होते. २००८ साली ते गेले. मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने 'मुक्ता' फॉन्ट तयार केला. तो कुणालाही फुकट वापरता येतो.

आता तुम्ही पान कसं कराल? साधं नोटपॅड पुरे. पालकांनो, घरच्या घरी शिकायला इंटरनेटही लागत नाही. एचटीएमएलने मजकूर मांडायचा: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. सीएसएसने रंग आणि आकार द्यायचे. जावास्क्रिप्टने बटण दाबल्यावर काही घडवायचं. फाईलच्या नावाशेवटी 'डॉट एचटीएमएल' लिहून ती साठवली, की ब्राउझरमध्ये उघडते. मोठी माणसं 'फ्रेमवर्क' वापरतात. फ्रेमवर्क म्हणजे करंजीचा साचाच म्हणा ना! २०११ साली खुला झालेला 'बूटस्ट्रॅप' हा असाच एक साचा. साच्याने काम झटपट होतं, पण सारण आपलंच घालावं लागतं. म्हणून आधी हाताने एक करंजी वळून पाहावी.

आणि कल्पना कुठून आणायच्या? शाळेतून घरी जाताना दुकानांच्या पाट्या पाहा. एखाद्या रंगाऱ्याने काढलेला 'श' किती डौलदार असतो! वहीत उतरवून घ्या.

या आठवड्याचा उद्योग: घर ते स्टेशन या वाटेवर पाकळीचे 'ल' किती आणि दंडाचे किती, ते मोजा. मग आपल्या नावाचं एक पान करा. त्यात मेटाची ओळ आणि 'एमआर' लिहायला विसरू नका.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीने आता पानाच्या तळाशी एक ओळ वाढवली आहे: 'आमची ठाकुर्ली, आमच्या ल सकट.'