35 टक्के ऑफ... पण कशावर?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आईची भिशी लागली. 45 हजार. धाकटा भाऊ तेव्हा नुकताच इंजिनीअरिंगला लागला होता, त्यामुळे पैसे हातात यायच्या आधीच त्यांचं काय होणार हे ठरलेलं होतं : लॅपटॉप. घरातली ‘ऑनलाइनवाली’ मी, म्हणून खरेदी माझ्याकडे. सेल सुरू झाला त्या रात्री बारा वाजता मी पुण्यात रूमवर टक्क जागी, भाऊ सोलापुरातून व्हिडिओ कॉलवर. हवा तो लॅपटॉप समोर. 68,990 वर काट मारलेली, खाली 44,990, शेजारी ठसठशीत ‘35% ऑफ’. आणि लाल अक्षरांत ‘फक्त 3 शिल्लक’. इकडे भावाचा जीव वर-खाली, “ताई, घे ना गं, संपेल!”

माझं बोट बटणावर होतं. रूममेट म्हणाली, “थांब दोन मिनिटं.” तिने लिंक कॉपी केली, किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या एका साइटवर टाकली आणि फोन माझ्यासमोर धरला. ग्राफ बघून आमची झोपच उडाली. आठ महिने तो लॅपटॉप 43 ते 44 हजारांच्या आसपास रेंगाळत होता. दोनदा 40,990 ला आलेला. आणि सेलच्या दोन आठवडे आधी एकदम 49,990 वर चढवलेला. म्हणजे सेलची किंमत एरवीच्या किमतीपेक्षा जास्त! 68,990 ला तर तो त्या ग्राफमध्ये एक दिवसही विकला गेला नव्हता.

तुळशीबागेत आपण असं फसतो का? दुकानदार ‘आठशे’ म्हणाला की आपण न लाजता ‘तीनशे’पासून सुरू करतो, कारण पहिला आकडा कुणीच मनावर घेत नाही, तोही नाही. मग स्क्रीनवर काट मारलेला आकडा आपण इतका का मनावर घेतो? एमआरपी म्हणजे सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत. पाकिटबंद वस्तू तिच्यापेक्षा जास्त दराने विकता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. त्या किमतीला ती वस्तू कधी कुणी घेतली होती, असा अजिबात नाही. त्यामुळे ‘एमआरपीवर 35 टक्के’ ही सूट मोजायची पट्टीच चुकीची. वस्तूची आजची किंमत तिच्याच कालच्या किमतीशी लावून बघायची. माझी आई हे तेलाच्या डब्याबाबत कायम करत आलीये. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी पेनाने तेलाचा भाव लिहिलेला असतो.

ऑनलाइन हे काम करणारी साधनं बरीच आहेत. ‘कीपा’ फक्त ॲमेझॉनच्या किमती ट्रॅक करतं, त्यात भारतातली साइटही येते. एक्स्टेन्शन टाकलं की वस्तूच्या पानावरच ग्राफ दिसतो. ‘बायहटके’ हे आपल्याकडचं, त्यात फ्लिपकार्टसकट इतर साइट्सही येतात. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर लिंक पेस्ट करून इतिहास दाखवणाऱ्या साइट्स आहेत, मी तेच वापरते. एक्स्टेन्शन ‘सगळ्या वेबसाइट्सवरचा डेटा वाचू दे’ म्हणतं तेव्हा मला जरा धाकधूक होते. शिवाय यातली बरीच साधनं त्यांच्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन कमावतात. त्यात गैर काही नाही, पण ‘आत्ताच घ्या’ असा सल्ला मिळाला तर तो कोण देतंय, हे ध्यानात असू द्या.

ग्राफ उघडला की आधी वर्षभराचा करा. तीन महिन्यांचा बघितलात तर सेलआधीचा फुगवटाच ‘नेहमीची किंमत’ वाटतो. किंमत बहुतेक दिवस कुठे असते, ती खरी. सगळ्यात खाली कितीला गेली होती, तेही बघा आणि त्याच्या थोडं वर तुमचा आकडा ठरवून अलर्ट लावा. मग ॲप बंद. रोज उघडून बघायचंच असेल तर अलर्ट कशाला?

सेलआधी किमती वर जाणं ही काही नवी गोष्ट नाही. 6 ऑक्टोबर 2014 च्या फ्लिपकार्टच्या पहिल्या ‘बिग बिलियन डे’नंतर संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली होती. तयारीदरम्यान काही वस्तूंच्या किमती काही तास बिनसवलतीच्या दरावर गेल्या होत्या, हे त्यात कबूल केलेलं. आणि ते ‘फक्त 3 शिल्लक’? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ज्या 13 ‘डार्क पॅटर्न्स’ना मनाई केली, त्यात खोटी घाई करणंही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे. अर्थात, साठा खरंच तीनच होता की नाही हे ग्राफवरून कळत नाही.

ग्राफला बरंच काही कळत नाही. बँकेच्या कार्डावरची सूट, कूपन, एक्स्चेंज हे सगळं पेमेंटच्या पानावर येतं, रेघेत नाही. त्याच नावाच्या लॅपटॉपचं 8 जीबी आणि 16 जीबी मॉडेल वेगळं असतं, तेव्हा लिंक नीट बघून टाका. विक्रेताही बदललेला असू शकतो. एखादा अगदीच अनोळखी विक्रेता एका दिवसासाठी भाव पाडतो आणि ग्राफवर खोल खड्डा दिसतो. त्या किमतीची वाट बघत बसलात तर डिग्री संपेल.

आता माझी फजिती. या सगळ्याची मला अशी काही चटक लागली की महिन्याभरात माझे 11 अलर्ट झाले. एके दिवशी इलेक्ट्रिक केटल ‘आजवरच्या सर्वांत कमी किमतीत’ आल्याचा मेसेज आला आणि मी घेतली. 649 रुपये. आमच्या हॉस्टेलवर केटलला बंदी आहे. ती कपाटात, ओढणीखाली आहे.

लॅपटॉपसाठी मी 41 हजारांचा अलर्ट लावला होता. भाऊ कॉलेजच्या लॅबमध्ये काम करायचा, पण ती पाचला बंद. मग मित्राच्या खोलीवर, मित्राचं झाल्यावर. फोनवर काही बोलायचा नाही, पण आई बोलायची, “अगं, तुझे दोन-चार हजार वाचतील, पण त्याच्या सबमिशनचं काय?” यावर माझ्याकडे कुठलाच ग्राफ नव्हता. दिवाळीनंतर किंमत 41,990 झाली. अलर्ट वाजला नव्हता, तरी घेऊन टाकला. मावशीच्या कार्डावर 1,500 सुटले, 40,490 ला पडला. सेलच्या रात्रीपेक्षा 4,500 कमी. आईने त्यातून त्याची मेसची थकबाकी भरली.

आठवड्याने, लेक्चर चालू असताना फोन थरथरला. 40,990. अलर्ट काढायचा राहिला होता. भावाला अजून सांगितलेलं नाही.