छपराची खिडकी आणि बाकीची गाडी

गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पुण्याले जाचं आहे. गाडी पाहाले. तुम्ही पाह्यजेच."

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवीत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण नातेवाईक मंडळींच्या दृष्टीने असा माणूस कधी निवृत्त होत नाही. कोणी स्कूटर घ्यायची म्हटली तरी बोलावणे येते. या वेळी मात्र प्रकरण मोठे होते. भाच्याला 'कूपे' घ्यायची होती, तीही जुनी आणि जर्मन बनावटीची.

कूपे म्हणजे दोन दारांची, मागच्या बाजूला उतरत गेलेल्या छपराची ऐटबाज मोटार. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेली'. रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोघांपुरता जो कूपे असतो, त्याच शब्दाचे हे भावंड. आपल्याकडे ऑडी टीटी, फोर्ड मस्टँग अशा काही गाड्या आल्या, पण फार थोड्या. नवी घ्यायची तर किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. तीच गाडी आठ-दहा वर्षांनी निम्म्याहून कितीतरी खाली येते, आणि मग अकोल्यातल्या एखाद्या तरुण दुकानदारालाही ती स्वप्नात दिसू लागते.

पैसा कुठला, हेही सांगितले पाहिजे. माझी बहीण नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली. समृद्धी महामार्गासाठी त्यांचे वावर गेले. मोबदला आला, त्यातला बराचसा ठेवीत राहिला. आता त्यातून 25 लाखांच्या आसपास रक्कम मुलाच्या हौसेसाठी बाजूला काढली होती. निघण्याच्या आदल्या रात्री बहीण मला एवढेच म्हणाली, "दादा, वावर तं गेलं. हा पैसा मातीत नको जाऊ देजो."

तिने हे मलाच का सांगितले, याला एक कारण आहे. मी स्वतः एकदा सपशेल फसलेलो आहे. गोष्ट 2006 सालची. मुंबईहून आलेली एक सेडान गाडी मी अमरावतीत एका दलालाकडून घेतली. चामड्याच्या सीटा, एकदम सहा सीडी घेणारे संगीतयंत्र आणि छपराला सरकती काच. किंमत मात्र साध्या मॉडेलएवढी. मोटार मेकॅनिक शिकवणाऱ्या माणसाला ही किंमत पाहून शंका यायला हवी होती. आली नाही. मी छपराची काच उघडत आणि मिटत राहिलो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आपणांस आठवत असेल. मुंबईत हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन, पुसून, पॉलिश करून राज्यभर विकल्या गेल्या. माझी त्यांपैकीच एक. पहिले सहा महिने ती छान चालली. मग दिवे आपोआप लागू लागले, काचा अडकू लागल्या. एका रात्री मूर्तिजापूरला वडिलांच्या छातीत दुखू लागले म्हणून त्यांना अमरावतीला न्यायचे होते, तर कुरूमच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच. मागून येणाऱ्या एका भल्या माणसाच्या जुन्या जीपने आम्ही दवाखान्यात पोहोचलो. वेळेवर पोहोचलो, म्हणून आज हसत सांगू शकतो. वडील पुढे आठ वर्षे जगले, आणि त्यांतले एकही वर्ष त्यांनी मला विचारल्याशिवाय सोडले नाही, "छपराची खिडकी तं उघडते बाप्पा, मंग गाडी काऊन चालत नाही?"

नंतर मी ती गाडी स्वतः उघडली. सीटखालच्या लोखंडी रुळांत वाळलेला चिखल होता. तेव्हापासून जुनी गाडी पाहताना मी पहिल्यांदा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतो. गाडी धुणारे सगळे धुतात, गुंडाळलेला पट्टा उलगडून धुवायचे विसरतात. पाण्याची मळकट रेघ तिथे सापडते. मग डिकीतले जादा चाक काढून खालचा खळगा पाहायचा आणि गालिचा उचलून वास घ्यायचा.

तर पुण्यात भाच्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या. एक लाल, एक राखाडी. लाल गाडीत काय नव्हते? सबंध छप्पर काचेचे, सीटला विजेवर मागेपुढे होणारी आणि बसणाऱ्याची ठेवण लक्षात ठेवणारी यंत्रणा, मोठी चाके, भारी संगीत. मीटरवर अवघे 31,000 किलोमीटर. राखाडी गाडी अगदी साधी. मीटरवर 58,000. मागच्या बंपरवर ओरखडे, डाव्या दाराला पोचा. लाल गाडीची किंमत तीन लाखांनी जास्त.

"मामा, हिच्यात तं छपरालेच खिडकी आहे!" भाचा म्हणाला. मी काही बोललो नाही.

इथे जरा थांबून या जादा सोयींचा विचार करू. नवी गाडी घेताना मालक त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजतो. दहा वर्षांनंतर त्या सोयींचे काय होते? इंजिन जुने होते तशा त्याही जुन्या होतात. प्रत्येक सोय म्हणजे एक मोटर, काही तारा, एखादा सेन्सर. चालू आहे तोवर सोय, बंद पडली की खर्च. आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या हिशेबाने होत नाही, सुटा भाग नव्या गाडीच्याच भावाने येतो. काचेच्या छपराच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांत पाला-धूळ अडकली की पाणी आत उतरते, गालिच्याखाली साचते, आणि आजकाल बऱ्याच गाड्यांत महत्त्वाच्या तारा आणि यंत्रणा नेमक्या तिथेच असतात. म्हणजे पूर न येताही गाडी बुडू शकते.

शिवाय आपण राहतो कुठे, हेही पाहावे लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो. डोक्यावर काच घेऊन दुपारी एकला गांधी रोडवर गाडी उभी करून पाहा. काळे चामडे तर असे तापते की बसणारा उडी मारूनच उठतो. याउलट सीटमधून गार हवा सोडणारी सोय असेल तर मी तिला हौस म्हणणार नाही, वऱ्हाडात ती गरज आहे. मोठ्या चाकांचे तसेच. चाक मोठे म्हणजे टायरची बाजू पातळ. खड्ड्यात आपटले की दणका थेट रिमला. अमरावती-अकोला रस्त्याची पूर्वीची अवस्था आठवते ना? जून 2022 मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना 75 किलोमीटरची डांबरी पट्टी 105 तास 33 मिनिटांत घालून गिनीज विक्रम झाला, आणि प्रवास सुसह्य झाला. पण गाडी काही फक्त महामार्गावर राहत नाही. ती गावात, गल्लीत, काळ्या मातीवरच्या लाटा आलेल्या रस्त्यावरही जाते.

'जादा सोयी मागाहून बसवता येतील' असे काहीजण सांगतात. जुन्या काळच्या गाडीत येत होत्या. आताच्या गाडीत सगळे संगणकाशी बांधलेले, बाहेरची वस्तू तो सहज स्वीकारत नाही. म्हणून जी सोय आपल्याला खरोखर हवी ती मूळचीच असावी, हे मला मान्य आहे. एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा यांना तर मी जादा सोय म्हणतच नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजावे की कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे, आणि एअरबॅग अपघातात केव्हाच उघडून गेली असण्याची शक्यता आहे.

आम्ही सकाळी साडेसातला, न कळवता पोहोचलो. लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, कोमट. म्हणजे आम्ही येण्याआधीच कोणीतरी ती चालवून गरम केली होती. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलते ते नंतर बोलत नाही. मग ब्रेकच्या पायटाचे रबर पाहिले. झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगचे चामडे चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलेली. 31,000 किलोमीटरमध्ये असे होत नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात चासी क्रमांक देऊन मालकाकरवी नोंदी मागवा, असे मी विक्रेत्याला म्हटले, तर त्याने चहा मागवला. दुपारपर्यंत नोंद मिळाली. दोन वर्षांपूर्वीच गाडीचे 64,000 झाले होते. भाचा काही वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "पण मामा, छत तं चालते."

राखाडी गाडीचे इंजिन गार होते. एका हाकेत सुरू झाले. मालकाने पहिल्या दिवसापासूनची बिले फायलीत लावून ठेवली होती. त्यांत गिअरबॉक्सचे तेल बदलल्याचे बिल पाहून मला विशेष आनंद झाला. स्वयंचलित गिअरबॉक्स हा या गाड्यांतला सर्वांत महागडा अवयवांपैकी एक, आणि त्याचे तेल बदलायचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पण गाडी निर्दोष नव्हती. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन साल. तिथे 2218 होते, म्हणजे 2018 सालच्या बाविसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती, तरी रबर कडक झालेले. समृद्धीवर ताशी 120 ची मर्यादा आहे. उन्हाने भाजलेल्या काँक्रीटवर त्या वेगाने असे टायर म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरीही संपत आलेली.

मात्र हे दोष डोळ्यांना दिसत होते आणि त्यांची किंमत काढता येत होती. चार टायर, एक बॅटरी, दाराचा पोचा. कागदावर बेरीज केली आणि मागितलेल्या किमतीतून वजा करायला सांगितली. लाल गाडीत नेमके किती झिजले आहे, हेच कोणाला सांगता येत नव्हते. आणि अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला अशा गाडीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागते, तेही ट्रकवर लादून.

पुण्याच्या हिवाळ्यात एअर कंडिशनर तपासणे अवघड, सगळेच गार लागते. गाडी उन्हात उभी करून, काचा बंद ठेवून, इंजिन जागच्या जागी 20 मिनिटे चालू ठेवले आणि हवेच्या तोंडाशी साधा थर्मामीटर धरला. भाच्याला याची लाज वाटली, लोक पाहत होते. इंधनाच्या झाकणावर आणि पुस्तिकेत किती इथेनॉल चालते तेही वाचून घेतले. 2025 पर्यंत पंपांवर 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्वत्र आले, आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावे लागेल, हे भाच्याला तिथेच सांगितले.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गाडी राज्यातलीच असली तर फॉर्म 29 आणि 30. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र. परराज्यातली असेल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर वेगळा, म्हणून दिल्लीची गाडी स्वस्त दिसते तेव्हा ही रक्कम तिच्यात मिळवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहार 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचा असतो. विकणारे हे अंगावर घेत नाहीत. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. त्या माणसाने गाडी 2007 सालीच विकली होती, अपघात 2009 चा, मधल्या काळात ती अनेक हातांतून गेलेली. पण पुस्तकात नाव त्याचेच राहिले होते. थकलेले ई-चालान आहे का, तेही आधी पाहून घ्यावे.

व्यवहार संध्याकाळी ठरला. टायर पुण्यातच बदलले. दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरहून समृद्धीला लागलो, मेहकरला उतरलो आणि दिवेलागणीला अकोल्यात पोहोचलो. भाचा वाटेत दोनदा म्हणाला की लाल रंग बरा होता.

बहीण ओवाळायला ताट घेऊन बाहेर आली. कुंकू लावले, नारळ फोडला, आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून विचारले, "मागचं दार कुठं आहे?" नाही म्हटल्यावर तिला पटेना. शेवटी तिला पुढे बसवले. भाचा पुढची सीट वाकवून कसाबसा मागे शिरला आणि गुडघे छातीशी धरून बसला. मी गाडी राजराजेश्वराच्या देवळाकडे वळवली.