काचबिंदूवरचा लेसर: चार दशकांनी

डोळ्यातलं पाणी जिथून झिरपून बाहेर जातं, त्या बारीक जाळीवर आर्गॉन लेसरचे ठिपके दिले की दाब उतरतो, हे वाइज आणि विटर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत दाखवलं. तरी पुढची कितीतरी वर्षं लेसरची पाळी यायची ती औषधाचे थेंब हरल्यावर.

पुरावा नव्हता असं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २७१ रुग्णांच्या एका डोळ्यावर आधी लेसर केला, दुसऱ्यात आधी टिमोलॉलचे थेंब घातले. सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, लेसरवाल्या डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १.२ मिमीने कमीच होता. पण टिमोलॉल रक्तावाटे दुसऱ्या डोळ्यातही पोचतं, मग ही तुलना कसली, असा आक्षेप आला, आणि तो रास्त होता. शिवाय आर्गॉन जाळी भाजायचा, त्याचा गुण वर्षागणिक ओसरायचा, पुन्हा करावा तर फारसा उपयोग नाही. तेवढ्यात १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं. रात्री एक थेंब टाकला की झालं! लेसर मागे पडला.

नेत्रतज्ज्ञ मार्क लॅटिना यांचा निवडक लेसर २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्याचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता असतो. तो रंगद्रव्य असलेल्या पेशींनाच गाठतो, जाळी फारशी भाजत नाही, म्हणून तो पुन्हाही करता येतो.

खरा निकाल ब्रिटनमधल्या ‘लाइट’ चाचणीने दिला. ७१८ नवे रुग्ण, निम्म्यांना आधी लेसर, निम्म्यांना आधी थेंब. सहा वर्षांनी लेसर गटातल्या ६९.८ टक्के डोळ्यांचा दाब थेंब वा शस्त्रक्रियेविना ठरलेल्या मर्यादेत होता. काहींना लेसर पुन्हा करावा लागला होता, हे मात्र या आकड्यात दडलेलं आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा: आजार वाढला तो थेंबांच्या गटात २६.८ टक्के डोळ्यांत, लेसरच्या गटात १९.६ टक्के. काचबिंदूची शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ३२ डोळ्यांवर करावी लागली, लेसरच्या गटात १३. तीन वर्षांनंतर थेंबवाल्यांनाही लेसरची मुभा होती, तरी हा फरक उरला. शिवाय थेंब टाकायचे राहून जातात. लेसर विसरता येत नाही.

उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये पहिला उपाय म्हणून लेसरच सुचवला. पण ‘लाइट’मधले रुग्ण बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यातले होते; डोळ्याची नस बरीच सुकलेल्या माणसाला हेच आकडे ऐकवून आशा लावू नये. गेलेली नजर लेसरनेही परत येत नाही आणि दाब तपासायला जाणं काही सुटत नाही.